जुल्फाचे सावकार आणि त्यांची पत

(धर्मग्रामाच्या महोत्सवी सप्ताहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवाच्या प्रसंगी आपल्या देवळाचा पाया कोणी घातला, घंटा कोणी दिली, शाळा कोणी काढली, याचे वर्णन करण्याची वहिवाट आहे. आणि ते काम या व्यासपीठावरून आमच्याहून अधिक अधिकारी वक्त्यांनी उत्तम प्रकारे केलेच आहे. आमच्याकडे ‘एखादा बोधप्रद ऐतिहासिक विषय’ एवढीच मागणी आली. विषयाची निवड करताना आमच्या मनात आले की, या सभेत जी घरे बसली आहेत त्यांत असे घर विरळा, ज्यातील एखादा मुलगा, भाऊ किंवा जावई नोकरीधंद्यासाठी समुद्रापार गेलेला नाही. माणसे अशी दूरदूर पांगली म्हणजे त्यांस परस्परांशी व आपल्या गावाशी बांधून ठेवणारी वस्तू कोणती? पैसा ही ती वस्तू खास नव्हे. कारण पैशाच्या ओढीनेच तर ती गेलेली असतात. या प्रश्नाचे उत्तर नुसत्या तर्काने शोधण्यापेक्षा इतिहासाला विचारावे, या हेतूने आम्ही आज एका लहानशा ख्रिस्ती व्यापारी जमातीची हकीकत आपणापुढे मांडीत आहो. ही जमात म्हणजे जुल्फा गावचे आर्मेनियन सावकार होत. मोगली अमदानीत यांनाच अरमनी म्हणत.

आर्मेनिया हा कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेकडील डोंगराळ मुलूख. तेथील राजाने व प्रजेने चौथ्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. म्हणून जगातील सर्वांत जुन्या ख्रिस्ती राष्ट्रांत त्याची गणना होते. त्यांची धर्मसभा पुढे रोमपासून वेगळी राहिली, आणि ज्यांच्याविषयी आम्ही बोलणार आहो ते बहुतेक व्यापारी त्याच प्राचीन आर्मेनियन धर्मसभेचे होते, ही गोष्ट आरंभीच सांगितलेली बरी. आरास नदीच्या काठी जुल्फा नावाचे त्यांचे गाव होते. जमीन खडकाळ, शेतीस अयोग्य. परंतु इराणातील कच्चे रेशीम पश्चिमेकडे जाण्याच्या वाटेवर ते वसले होते. सोळाव्या शतकात जुल्फाचे लोक हे रेशीम तुर्की मुलखातील अलेप्पो शहरापर्यंत, व तेथून व्हेनिसपर्यंत नेऊ लागले, आणि गाव सधन झाले.

परंतु इराणचा शहा व तुर्कांचा सुलतान यांच्या वैराच्या ऐन सीमेवर हे गाव होते. 1604 साली शहा अब्बास याने तुर्की फौजेच्या वाटेत धान्य व निवारा राहू नये म्हणून तो सारा प्रांत उजाड करण्याचा हुकूम दिला. जुल्फाच्या लोकांस थोडक्या दिवसांत घरे सोडावी लागली. मागे गावास आग लावण्यात आली. आरास नदी ओलांडताना त्या प्रांतातील कित्येक लोक वाहून गेले. जे वाचले त्यांपैकी जुल्फाकरांस शहाने आपल्या राजधानीजवळ, इस्फाहान शहराच्या दक्षिणेस, झायंदे नदीपलीकडे 1605 साली जागा दिली. त्या वस्तीस त्यांनी आपल्या जळालेल्या गावाचे नाव दिले: नवे जुल्फा. शहाचा हेतू काही परोपकाराचा नव्हता. आपले रेशीम युरोपात नेऊन विकतील व रुपे घेऊन येतील असे कुशल हात त्यास हवे होते. तथापि त्याने त्यांस देवळे बांधण्याची, आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची व आपला कारभार आपण पाहण्याची मोकळीक दिली. घरादारास मुकलेल्या या लोकांनी पुढील शंभर वर्षांत जे उभे केले, ते पाहून आश्चर्य वाटते.

त्यांच्या व्यापाराचा विस्तार केवढा होता तो पहा. पश्चिमेस इझमिर, व्हेनिस, लिव्होर्नो, आम्स्टरडॅम व काडिझ. उत्तरेस व्होल्गा नदीने अस्त्राखान व मॉस्को. तेथील झारच्या दरबाराशी त्यांनी 1667 साली रेशमाच्या व्यापाराचा करार केला, आणि त्याआधी त्यास नजर केलेले रत्नखचित सिंहासन आजही मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये आहे. पूर्वेस सुरत, आग्रा, मद्रास, हुगळी. त्याहीपुढे तिबेटातील ल्हासा. आणि समुद्रमार्गाने फिलिपाइन बेटांतील मनिला. मनिला बंदरात स्पॅनिश सरकार इंग्रजांस पाऊल ठेवू देत नसे, परंतु आर्मेनियन व्यापाऱ्यांस मज्जाव नव्हता. म्हणून मद्रासचे इंग्रजदेखील आपला माल त्यांच्या नावावर तेथे धाडीत. पदरी फौज नाही, आरमार नाही, किल्ला नाही. पाठीशी स्वतःचे असे राज्यही नाही. पोर्तुगीज, डच व इंग्रज हे तोफा घेऊन व्यापारास आले. जुल्फाकर वही, तराजू व ओळखीची चार पत्रे घेऊन आले.

हा व्यापार प्रत्यक्ष कसा चाले हे समजण्यासाठी एका माणसाकडे पाहू. त्याचे नाव होव्हानेस. तो एका पुरोहिताचा मुलगा. आर्मेनियन धर्मसभेत गावचे पुरोहित विवाहित असत. 1682 सालच्या डिसेंबरात त्याने नव्या जुल्फातील गेराक घराण्यातील दोघा सावकार भावांकडून भांडवल घेतले, करार केला, व तो निघाला. शिराझवरून बंदर अब्बास, तेथून गलबताने सुरत, सुरतेहून आग्रा. त्या भागात त्याने कापड व नीळ यांचा व्यवहार केला. पुढे पाटण्याहून काठमांडूच्या वाटेने हिमालय ओलांडून तो 1686 साली ल्हासास पोहोचला आणि सुमारे पाच वर्षे तेथे राहिला. तेथे काश्मिरी व नेवार व्यापाऱ्यांशी त्याची देवघेव होती; हिंदुस्थानी कापड द्यावे व कस्तुरी आणि सोने घ्यावे, असा तो व्यापार. नंतर तो पुन्हा पाटण्यास व बंगालकडे उतरला. जकात किती पडली, भाडे किती दिले, कोणत्या गावी वजन कोणते चालते, हुंडीला बट्टा किती बसला, हे सर्व त्याने आपल्या वहीत टिपून ठेविले. ती वही 1693 पर्यंत चालते. अकरा वर्षे! तीच वही आज लिस्बन येथील राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

आता विचार करा. जुल्फात बसलेल्या सावकाराचे भांडवल घेऊन एक तरुण ल्हासास जातो. तेथे तो काय विकतो, कितीस विकतो, हे पाहावयास कोणी नाही. त्याने खोटी वही लिहिली तर? किंवा परतलाच नाही तर? तार नाही, टपाल खाते नाही, आणि दोन्ही मुलखांवर चालेल असे न्यायालय तर नाहीच नाही. तरीसुद्धा सावकार भांडवल देत राहिले, आणि गुमास्ते बहुधा परत येत राहिले. हे कशाच्या बळावर?

पहिले बळ कराराचे. सावकाराने भांडवल द्यावयाचे, गुमास्त्याने श्रम व अक्कल द्यावयाची, आणि नफा झाल्यास त्याचा साधारणतः चौथा ते तिसरा हिस्सा गुमास्त्याने घ्यावयाचा. तारू बुडाले किंवा तांडा लुटला गेला, व त्यात गुमास्त्याची कसूर नसली, तर भांडवलाची तूट सावकाराने सोसावयाची. गुमास्त्याचे श्रम मात्र फुकट गेले. म्हणजे धोका दोघांच्या अंगी वाटलेला होता. गरिबाच्या मुलासही या रीतीने पुढे येण्यास वाट मिळे, कारण त्यास गहाण टाकावयाचे ते आपले नाव. आणि या कामासाठी मुलांची तयारीही करून घेत. नव्या जुल्फात व्यापारी मुलांस हिशेब, वजनेमापे व निरनिराळ्या देशांची नाणी शिकविणारी शाळा होती. अशाच उपयोगाचे, साऱ्या जगातील मापे, वजने व नाणी यांची माहिती देणारे आर्मेनियन पुस्तक आम्स्टरडॅम येथे 1699 साली छापून निघाले.

दुसरे बळ पत्रांचे. आणि आमच्या मते हेच मुख्य होय. जुल्फाचे व्यापारी अखंड पत्रे लिहीत. एक पत्र वाटेत हरवेल म्हणून त्याच्या प्रती निरनिराळ्या वाटांनी रवाना करीत. तुमची अमुक तारखेची पत्रे पोहोचली, आम्ही अमुक तारखेस लिहिले होते, असा हिशेब पत्राच्या आरंभीच देत. मग बाजारभाव, कोणते तारू आले, कोणते यावयाचे आहे, कोण आजारी, कोण मेला, कोणाचे लग्न झाले, आणि कोणाचे वर्तन कसे आहे, हेही. भाषा जुल्फाच्या बोलीची. दुसऱ्या गावच्या आर्मेनियनासही ती उलगडणे कठीण. 1748 साली ‘सांता कातारिना’ नावाचे एक तारू आर्मेनियन व्यापाऱ्यांचा माल घेऊन बंगालहून बसऱ्याकडे जात असता इंग्रजी आरमाराने कोरोमंडल किनाऱ्यावर पकडले. त्यावर सुमारे 1,700 आर्मेनियन पत्रे सापडली. खटल्याच्या कागदांबरोबर ती लंडनला गेली आणि दप्तरात पडून राहिली. अलीकडे, 2005 साली, सेबू अस्लानियन या इतिहासकाराने ती पुन्हा उजेडात आणली. ज्यांच्यासाठी ती लिहिली होती त्या आईबापांस, भावांस व धन्यांस ती कधीच मिळाली नाहीत. पण त्यांच्यामुळे आपणांस कळते की या व्यापाराचा खरा माल रेशीम किंवा नीळ हा नव्हता, तर बातमी हा होता. एखाद्याने सुरतेत लबाडी केली तर ती गोष्ट काही महिन्यांत इस्फाहानला, आणि वर्षाच्या आतबाहेर लिव्होर्नोला माहीत होई. मग त्या माणसास कोणी भांडवल देत नसे, आणि त्याच्या भावासही देताना दहादा विचार करीत.

तिसरे बळ गावाचे. नव्या जुल्फात व्यापाऱ्यांची एक सभा असे. तीत कलांतर, म्हणजे नगराचा मुख्य, आणि आळीआळीचे प्रमुख बसत. गुमास्ता व धनी यांचे तंटे ती तोडी. गुमास्ता कोठेही असो, त्याचे घर व बायकामुले बहुधा जुल्फातच असत. त्यामुळे सभेच्या निवाड्यापासून दूर पळणे व्यर्थ होई. आणि चौथे बळ देवळाचे. नव्या जुल्फाच्या धर्मपीठाकडून हिंदुस्थानातील आर्मेनियन वस्त्यांसाठी पुरोहित जात. त्यांच्याबरोबर पत्रे जात, आणि परत येताना दानाचा पैसा येई. मद्रासचा किंवा सुरतेचा व्यापारी आपल्या इच्छापत्रात जुल्फाच्या देवळास काही ठेवून जाई. या चारही बळांचे सार एका मराठी शब्दात सांगावयाचे तर तो शब्द ‘पत’ हा होय. माणसाविषयी त्याच्या माघारी लोक काय बोलतात, आणि ते बोलणे जपण्यासाठी तो एकांतात कसा वागतो, या दोहोंची बेरीज म्हणजे पत.

या गोष्टीची नुसती स्तुती करून थांबणे आम्हास प्रामाणिकपणाचे वाटत नाही. या भरवशाचे कुंपण फार उंच होते. आतला तो विश्वासू व बाहेरचा तो परका, असा त्यांचा हिशेब. दुसऱ्या गावचा आर्मेनियनदेखील त्यांच्या पेढीवर सहसा गुमास्ता होत नसे. ज्या इस्फाहानात ते राहत तेथेच मुलतानी म्हणून ओळखले जाणारे हजारो हिंदुस्थानी व्यापारी व सराफ होते. त्यांच्याशी देवघेव होई, परंतु भागीदारी क्वचितच. आणि या धनाची किंमत घरी राहिलेल्यांनी मोजली. नवरा तिशीत जाई व केस पिकल्यावर येई. कधी येतच नसे. दहा-अकरा वर्षांच्या त्या वहीत कस्तुरीचे वजन तोळ्यातोळ्याने लिहिलेले आहे. दारात वाट पाहणाऱ्या बाईच्या वर्षांचे वजन कोणत्याही वहीत नाही. ज्यांची माणसे परदेशी आहेत त्या भगिनींस या वाक्याचा अर्थ आम्ही सांगावा असे नाही.

हिंदुस्थानात या लोकांचे पाय कसे स्थिरावले याचा एक दाखला आपणांस विशेष आवडेल. 1688 साली लंडन येथे जुल्फाचा व्यापारी खोजा पानोस कलांतर व इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात करार झाला. कंपनीची इच्छा ही की, आर्मेनियनांनी आपला माल तुर्की मुलखातून न नेता इंग्रजी जहाजांवरून न्यावा. त्याच्या मोबदल्यात कंपनीच्या वखारींच्या गावी त्यांस इंग्रजांप्रमाणेच राहण्याचे व व्यापाराचे हक्क मिळाले. त्यातच एक कलम असे आहे की, जेथे चाळीस किंवा अधिक आर्मेनियन वस्तीस येतील तेथे कंपनी त्यांच्या उपासनेसाठी लाकडी देऊळ बांधून देईल, आणि सात वर्षेपर्यंत त्यांच्या पुरोहितास दर साल 50 पौंड देईल. करार रेशमाचा, आणि त्यात कलम देवळाचे! खोजा पानोसास ठाऊक होते की पुरोहित व देऊळ नसेल तेथे आपली माणसे फार दिवस एकत्र राहणार नाहीत. आणि जेथे ती एकत्र नाहीत तेथे पतही नाही. पुढे मद्रासेस 1712 साली, कलकत्त्यास 1724 साली आणि मुंबईच्या कोटात मेडोज स्ट्रीटवर 1796 साली त्यांची देवळे झाली. यांपैकी मुंबईचे देऊळ तर आपल्यापासून फार दूर नाही.

असे हे जाळे शंभरसव्वाशे वर्षे टिकले. मग घाव मुळावरच पडला. 1722 साली अफगाणांनी इस्फाहानला वेढा घातला आणि नव्या जुल्फाकडून जबर खंडणी उकळली. त्यानंतर नादिरशहाने आपल्या मोहिमांच्या खर्चासाठी या सावकारांस असे पिळून काढले की, 1747 साली तो मारला गेला त्यापूर्वी कित्येकांची घरे धुळीस मिळाली होती, व काहींस प्राणासही मुकावे लागले होते. जी घराणी उठू शकली ती उठून व्हेनिस, बसरा, मद्रास, कलकत्ता येथे गेली. मद्रास किंवा लिव्होर्नो येथे असा घाव पडता तर जाळ्याचा एक धागा तुटला असता. पण सर्व धाग्यांची गाठ जुल्फात होती. वर्तनाची चौकशी करणारी सभा विसकटली, पत्रे जेथे पोहोचावयाची ते घरच मोडले, आणि मग हातात माल असूनही पूर्वीचा तो व्यापार राहिला नाही.

काय उरले? त्यांच्या रेशमाचा एक धागाही आपण दाखवू शकत नाही. जे उरले ते त्यांनी दुसऱ्यांसाठी वेचलेले आहे. नव्या जुल्फातील मठाच्या छापखान्यात 1638 साली स्तोत्रसंहिता छापली गेली. इराण देशात छापलेले ते पहिले पुस्तक होय. आर्मेनियन भाषेतील पहिले संपूर्ण छापील बायबल आम्स्टरडॅम येथे 1666 ते 1668 या काळात निघाले, त्यास जुल्फाच्या व्यापाऱ्यांनी द्रव्य पुरविले. मद्रासच्या पेत्रोस उस्कान नामक व्यापाऱ्याने अड्यार नदीवर 1726 साली पूल बांधला, आणि संत थोमाच्या डोंगरावर चढणाऱ्या यात्रेकरूंसाठी दगडी पायऱ्या केल्या. भाविक आजही त्या डोंगरावर पायऱ्यांनी चढतात. मद्रासेतच हारुत्युन श्माव्होनियन या पुरोहिताने 1794 साली ‘अझदारार’ हे आर्मेनियन भाषेतील पहिले नियतकालिक काढले. व्हेनिसजवळील सान लाझारो बेटावर 1717 पासून मेखितारिस्ट हे आर्मेनियन कॅथोलिक मठवासी राहत आले आहेत. हिंदुस्थानात धन मिळविलेल्या मुराद व राफाएल या दोघा आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या देणगीतून त्यांनी 1836 साली व्हेनिस येथे विद्यालय उघडले. आरास काठच्या जुन्या जुल्फात मात्र पूर्वजांच्या कबरींवर कोरीव क्रूस असलेल्या हजारो शिळा होत्या. त्या 1998 ते 2005 या काळात फोडून टाकण्यात आल्या. दगड गेले, कागदाची ती पत्रे व ती वही राहिली. देवाची लीला अगाध आहे.

आता दोन शब्द आपणांविषयी, आणि मग आम्ही आपली रजा घेऊ. आपण काही रेशमाचे सावकार नाही. परंतु आपलीही मुले दूरच्या गावी जेथे उतरतात तेथे ‘अमक्या गावचा, अमक्या देवळाचा’ एवढीच त्यांची ओळख आधी पोहोचते. एकाने ती शुद्ध राखली तर मागून येणाऱ्या दहांस दार उघडे मिळते. एकाने ती मळविली तर दहांस ते बंद होते. म्हणून जे बाहेर आहेत त्यांनी वही खरी लिहावी, म्हणजे जेथे कोणी पाहत नाही तेथेही सचोटीने वागावे, आणि घरी नियमाने पत्र धाडावे. आजकाल त्यास शाईदेखील लागत नाही, मग सबब कोणती? जे घरी आहेत त्यांनी गाठ सैल होऊ देऊ नये. जुल्फाची गाठ परक्या तलवारीने तुटली. आपल्या गाठीवर तलवार घेऊन कोणी आलेले नाही; ती सुटलीच तर आपल्याच आळसाने, भाऊबंदकीच्या तंट्याने, व एकमेकांच्या घरी जाणेयेणे सोडल्याने सुटेल. आणि जुल्फाकरांचे एक मात्र आपण घेऊ नये, ते त्यांचे कुंपण. आपल्या प्रभूने शेजारी कोण या प्रश्नाचे जे उत्तर दिले, त्यात परक्या शोमरोनी मनुष्याचे नाव आहे. भरवसा आपल्यांत जपावा, पण तो शेजारच्या हिंदू, मुसलमान, पारशी बांधवासही आपल्या वागण्यातून मिळावा, अशीच आपली पत असावी.

या देवळाची पुढील वर्षे मोजणारे जेव्हा येथे जमतील, तेव्हा त्यांस आपल्या वहीत खाडाखोड आढळू नये, एवढीच प्रार्थना करून, आणि दूर असलेल्या आपल्या सर्व मुलाबाळांवर परमेश्वराची कृपादृष्टी राहो असे इच्छून, आम्ही आपले भाषण पुरे करतो.